पन्नासपैकी तीन गुण

पहाटे साडेपाच

मार्गशीर्षात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पेरूचा वास गेटपाशीच गाठतो. राहात्याकडचे टेम्पो रात्रभर चालून इथे लागलेले असतात. त्यांतल्या पुणतांब्याच्या मालात एक क्रेट माझ्या नावाचं असतं. गावी आमच्या आण्णांना सांगून ठेवलं आहे तसे त्यात थर लावलेले असतात: तळाला कडक हिरवे, मधे रंग धरू लागलेले आणि वर कागदात गुंडाळलेले पिवळेधमक. गाडीच्या मागच्या सीटवर क्रेट बांधायचं आणि मुंढव्याचा रस्ता धरायचा.

हा मृग बहाराचा माल, जात सरदार. आमच्याकडचे जुने लोक अजून तिला लखनौ-49 म्हणतात. लखनौहून आणलेल्या बियाण्याच्या रोपांतून हा वाण 1927 साली पुण्यातच, गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. चीमा यांनी निवडला. पुढे गोदाकाठच्या काळ्या जमिनीत तो असा रुजला की राहाता तालुक्याची ओळखच पेरू झाली.

मी एका मायक्रोब्रुअरीत काम करतो. बिअर शिजवण्यात माझा हात असतोच, पण माझ्यावरची खरी जबाबदारी चाखण्याची आहे. टाकीतली बिअर बाहेर जायच्या लायकीची झाली की नाही, हे ठरवणारं पॅनेल मी चालवतो. आज टाकी क्रमांक चारमधल्या हेझी आयपीएचा, म्हणजे गढूळ दिसणाऱ्या आयपीएचा, निकाल लावायचा आहे.

पेरू त्या बिअरमध्ये घालायचे नाहीत. तिच्यात फळ नसतंच. बार्लीचं माल्ट, गहू, ओट्स, हॉप्सची फुलं, यीस्ट आणि पाणी, एवढाच ऐवज. तरी चांगल्या हेझी आयपीएचा ग्लास नाकाशी नेला की पेरू येतो, आंबा येतो, संत्र्याची साल येते. हा सगळा वास हॉप्सच्या तेलांतून आणि यीस्टने त्यांवर केलेल्या कामातून निघतो. पिकल्या पेरूचा घमघमाट ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे असतो, त्यांतली काही हॉप्समध्येही सापडतात. त्यांना थायॉल म्हणतात. त्यांतलं एक तर लिटरला पन्नास-साठ नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतकं बारीक ओळखायचं तर नाकाला खरा पेरू रोज आठवणीत हवा, म्हणून हे क्रेट.

सकाळी सात

आमच्याआधी दारात गोठेवाला उभा असतो. काल शिजवलेल्या माल्टचा चोथा ड्रममध्ये भरून ठेवलेला असतो, तो त्याला द्यायचा. साखर निघून गेलेली असली तरी प्रथिनं आणि तंतू चोथ्यात शिल्लक असतात. म्हशी आवडीने खातात. ओला माल दुपारपर्यंत आंबायला लागतो, म्हणून सकाळीच उचलावा लागतो.

मग टाकी चार. नमुन्याचा नळ आधी अल्कोहोलने पुसायचा, पहिली धार सोडून द्यायची आणि मग उंच नळीत बिअर घेऊन हायड्रोमीटर सोडायचा. आंबवण सुरू झालं तेव्हा 16.4 प्लेटो होतं. काल संध्याकाळी 3.6, आजही 3.6. म्हणजे यीस्टचं काम संपलं आहे आणि मद्यार्क सात टक्क्यांच्या आसपास आला आहे.

प्लेटो हे माप आमच्याकडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. ते आणि ब्रिक्स दोन्ही द्रावणातली साखर वजनाच्या टक्क्यांत सांगतात. ब्रिक्स तर उसाच्या पट्ट्यातल्या पोराच्या कानावर लहानपणापासून पडलेला असतो. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचं नाव घेतात तो प्रवरानगरचा कारखाना आता आमच्याच तालुक्यात मोडतो. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने तो 1950 साली सुरू झाला. उसाच्या रसाची साखर मोजणारी माणसं बघत मी वाढलो. तिथे साखर टिकवायची असते, इथे ती यीस्टला खाऊ घालायची असते, एवढाच फरक.

आकडा दोनदा बघण्याचं कारण हॉप्स. या बिअरमध्ये हॉप्सचा मोठा हिस्सा उकळीत पडत नाही. आंबवण संपत आल्यावर थंड होत चाललेल्या टाकीत तो वरून टाकतात. टाकी चार एक हजार लिटरची आहे आणि तिच्यात बारा किलो हॉप्सच्या गोळ्या पडल्या आहेत. उकळी न लागल्यामुळे हॉप्समधली विकरं जिवंत राहतात. यीस्टला न पचणाऱ्या साखरेचे ती तुकडे करतात आणि निजलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं. ते जागं झालं की लोण्याचा वास सोडतं. म्हणून पुढची परीक्षा.

सकाळी साडेआठ

प्रयोगशाळा म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक मायक्रोस्कोप, एक वॉटर बाथ आणि सांगलीहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेली एक मुलगी. लोण्याचा तो वास ज्याचा असतो, त्या डायॲसिटिलची चाचणी ती करते. टाकीतला एकच नमुना दोन झाकणबंद बाटल्यांत भरायचा. एक बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, दुसरी साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास. मग ती बर्फात गार करायची, दोन्ही सारख्या तापमानाला आल्या की ग्लासांत ओतायच्या आणि वर काचेची चकती झाकायची.

ताज्या बिअरमध्ये डायॲसिटिल नसलं, तरी ते ज्यापासून बनतं तो पदार्थ लपून बसलेला असू शकतो. बिअर पिंपात भरल्यावर तो हळूहळू उघडा पडतो, आणि तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाला बटरवाल्या पॉपकॉर्नचा वास येतो. गरम केल्यावर तोच बदल अर्ध्या तासात घडतो.

"दादा, डावीकडची कुठली ते सांगू नका," ती म्हणते आणि चकती बोटभर सरकवते. नाक लावते, बाजूला घेते, स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेते. नाक ताजं करायला आपल्याच कातडीच्या वासासारखं दुसरं काही नाही. मग उजवा ग्लास. पुन्हा डावा. परवा तापवलेल्या ग्लासात अगदी पुसट लोणी होतं. आज ती मान हलवते. मीही घेतो. दोन्ही ग्लासांत पेरू आहे, मोसंबीच्या सालीचा झणका आहे, लोणी नाही.

काही ब्रिटिश धाटणीच्या बिअरमध्ये थोडं लोणी खपून जातं. इथे ते चालत नाही. ओट्समुळे या बिअरला आधीच एक मऊ, रेशमी अंग असतं. त्यात लोण्याचा वास मिसळला की सगळंच तेलकट लागतं आणि फळ दबून जातं.

सकाळी साडेनऊ

आज पॅनेल असल्याचं सगळ्यांना कालच कळवलेलं आहे. पथ्य ठरलेलं: अत्तर नाही, वासाचं तेल नाही, गजरा नाही, तंबाखू नाही, शेवटचा चहा निदान तासभर आधी. सर्दी असेल त्याने स्वतःहून सांगायचं. गणपतीच्या तसबिरीपुढची अगरबत्ती पॅनेलच्या दिवशी बारा वाजल्यानंतर लागते.

ग्लास मी स्वतः धुतो. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि फडक्याने पुसले तर फडक्याचा वास लागतो. म्हणून गरम पाण्यातून काढून जाळीवर पालथे घालायचे आणि आपोआप वाळू द्यायचे.

पेरू चिरायचे ते अगदी शेवटी. तीन वाट्या, तिन्हींवर झाकण. हिरव्या पेरूचा वास गवताकडे झुकतो, थोडा आंबट, थोडा तुरट. मधल्या पेरूत गोडवा आणि हिरवेपणा दोन्ही असतात. पिवळ्याचं झाकण उघडलं की खोली भरते आणि त्या गोडव्याच्या मागे एक जनावरी, घामट छटा असते. ती छटा कमी असेल तर मोहक वाटते, वाढली तर नको होते. काही हॉप्सचं प्रमाण चढलं की तीच पुढे कांद्या-लसणाच्या वासावर जाते. आपली बिअर या तीन वाट्यांमधल्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे आम्ही कागदावर लिहितो. "फळांचा वास" एवढंच लिहिलेला कागद मी परत करतो. तेवढ्यावरून टाकीचं काय करायचं ते कळत नाही.

सकाळी अकरा

ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. न्याहारी जिरलेली असते, जेवणाची भूक अजून कडाडलेली नसते आणि तोंड स्वच्छ असतं. सहा जण बसतात: मी, सांगलीची मुलगी, दोन ब्रूअर, हिशेब बघणाऱ्या मॅडम आणि आमच्या स्वयंपाकघरातले मामा. मामांनी आयुष्यात कधी चाखण्याचा वर्ग केलेला नाही, पण चाळीस माणसांच्या आमटीला मीठ किती लागेल ते त्यांना उकळीच्या वासावरून कळतं. पॅनेलवर त्यांचा शब्द माझ्याइतकाच चालतो.

पहिली फेरी काळ्या ग्लासांची. आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येकापुढे तीन ग्लास, प्रत्येकात साठेक मिलिलिटर, आठ अंशांना. तिन्हींपैकी दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला तेवढंच सांगायचं. दोन ग्लास टाकी चारमधले. तिसऱ्यात याच बिअरची आधीची खेप आहे, सहा आठवड्यांपूर्वी पिंपात भरलेली आणि सगळा काळ शीतगृहात ठेवलेली.

बोलायचं नाही. ओठ मुडपायचे नाहीत, भुवया उंचवायच्या नाहीत, कारण शेजारी बघत असतो. आधी ग्लास न हलवता एक छोटा श्वास, मग गोल फिरवून दुसरा. मग घोट. वाइन चाखणारे थुंकतात, आम्ही गिळतो. बिअरचा कडूपणा आणि घशातली शेवटची जाणीव गिळल्याशिवाय पुरती कळत नाही. मधे साधं पाणी आणि पावाचा तुकडा.

सहाही जणांनी वेगळा ग्लास बरोबर काढला. जुन्या खेपेत नाकाला पेरू लागलाच नाही. काहीसा मध, काहीसा ओला पुठ्ठा आणि मागे उरलेला नुसता कडूपणा.

दुसरी फेरी स्वच्छ काचेची. हेझी आयपीएचं नाव ज्या रूपामुळे झालं ते आता दिसतं: दाट पिवळा रंग, पलीकडचं बोट दिसू नये इतका गढूळपणा, वर पांढरा, बसका नसलेला फेस. नवी आणि जुनी शेजारी ठेवल्या तर जुनीचा पिवळा जरासा मातट वाटतो. एकटी ठेवली असती तर कोणी नावं ठेवली नसती. फोटो काढला तर दोन्ही सारख्याच देखण्या येतील.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. बिअरच्या परीक्षकांची बीजेसीपी नावाची जी संस्था आहे, तिच्या गुणपत्रिकेत एकूण पन्नास गुण असतात: वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातल्या अंगाला पाच आणि एकंदर परिणामाला दहा. रंग, फेस आणि गढूळपणा मिळून तीन. जगभरच्या टॅपरूममध्ये ही बिअर डोळ्यांनी विकली जाते आणि तिला जोखणारे लोक डोळ्यांना पन्नासात तीन गुण देतात. मला हे प्रमाण अगदी योग्य वाटतं.

कारण गढूळपणा खोटाही करता येतो. खरा गढूळपणा गहू-ओट्सची प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल एकमेकांना धरून ठेवतात त्यातून येतो आणि तो टिकतो. नुसतं यीस्ट तरंगत असेल तर तेही गढूळच दिसतं, पण चार दिवसांत तळाला बसतं आणि तोंडात कणकेची चव सोडतं. ही बिअर नव्याने गाजू लागली तेव्हा काही ब्रूअर गढूळपणासाठी उकळीत चक्क गव्हाचं पीठ घालत. त्याने ग्लास देखणा होतो आणि बिअर जिथल्या तिथे राहते. या कामात मला मनापासून राग येणारी गोष्ट तीच.

आमची परीक्षा सोपी आहे. काल सकाळी टाकी चारचा नमुना उंच काचेच्या नळीत भरून फ्रिजमध्ये उभा ठेवला होता. तो आता टेबलावर आहे. वरपासून खालपर्यंत गढूळपणा एकसारखा आहे, म्हणजे तो खरा आहे. पण तळाला नखाएवढा हिरवट थर बसला आहे. हॉप्सचा बारीक चुरा.

त्या थराचं उत्तर चवीत मिळालं. पहिल्या घोटाला सगळे खूश होते. मधल्या वाटीतला पेरू, त्यामागे हापूसच्या सालीजवळचा तिखट-गोड वास, जिभेवर मऊपणा, कडूपणा बेताचा. दुसऱ्या घोटाला हिशेबाच्या मॅडमनी ग्लास खाली ठेवला. मामांनी घसा खाकरला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"चव झकास आहे हो," मामा म्हणाले, "पण गिळल्यावर घशात कच्च्या सुरणासारखं होतंय."

याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. इंग्रजी जाणणारे ब्रूअर याला हॉप बर्न म्हणतात. चुरा आणि पॉलिफेनॉल अजून तरंगत असले की घशाला अशी खवखव लागते. बिअर बिघडलेली नसते, कच्ची असते. गारठ्यात आणखी दिवस गेले की चुरा शंकूसारख्या तळात उतरतो, तो काढून टाकायचा आणि घसा मोकळा होतो.

गुणांची सरासरी निघाली: वासाला दहा, रूपाला पुरे तीन, चवीला पंधरा, अंगाला तीन, परिणामाला आठ. एकोणचाळीस. जुन्या खेपेला वासात बारापैकी पाच मिळाले आणि रूपात तीनपैकी अडीच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की या बिअरबद्दल मला सांगायचं असतं ते बहुतेक सांगून होतं.

दुपारी दीड

भाकरी, मेथी, लसणाची चटणी. पॅनेलच्या दिवशी तिखटाची मुभा आत्ताच मिळते. राहिलेले पेरू मीठ-तिखट लावून सगळ्यांत वाटले जातात.

दुपारी तीन

टाकी चारची पिंपं शुक्रवारी भरायची ठरली होती. वरच्या मजल्यावर जाऊन मी सांगितलं, सोमवार. कोणी वाद घातला नाही, पण तीन दिवस टाकी अडकून पडते, पुढची खेप मागे सरकते, शनिवार-रविवारच्या गर्दीत फळ्यावर हेझी आयपीए नसते. याचे पैसे लागतात. आमचे हॉप्स अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातून गोठणबिंदूखालच्या पेटाऱ्यांत येतात. आपल्या देशात हॉप्सची लागवड हिमाचलात लाहौलच्या थंडीत झाली, पण या जातीचं फूल तिथून मिळत नाही. बारा किलो हॉप्सची किंमत शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला सांगवत नाही. एवढा खर्च करून घसा खवखवणारा ग्लास लोकांपुढे ठेवायचा, हे मला पटत नाही. सोमवारच.

टाकी एक अंशावर नेली. तळाची झडप उघडून हिरवा गाळ बादलीत घेतला. मग सोमवारसाठी पिंपं. प्रत्येक पिंप धुऊन, वाफवून, त्यातली हवा कार्बन डायऑक्साइडने हुसकावून लावावी लागते. या बिअरचा मोठा वैरी ऑक्सिजन. भरलेल्या पिंपात तो अब्जात पन्नास भागांच्या खाली ठेवायचा आमचा नेम आहे. त्याहून वर गेला की पेरू आधी जातो, मग रंग. सकाळची जुनी खेप नेम पाळून भरलेली होती, तरी सहा आठवड्यांत तिचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

पिंपं धुताना मला नेहमी या बिअरच्या पणजीची आठवण येते. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, आणि त्यातलं इंडिया म्हणजे आपणच. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून बिअरची पिंपं जहाजावर चढत आणि आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बंदरांत उतरत. प्रवासाला चार-सहा महिने लागत. भरपूर हॉप्स आणि पुरतं आंबवण, यामुळे ती बिअर टिके, आणि त्या प्रवासात मुरून ती पिणाऱ्यांना अधिक आवडे असंही सांगतात. तिच्या वंशात जन्मलेली ही गढूळ पणती मात्र अगदी उलट स्वभावाची. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात द अल्केमिस्ट नावाच्या छोट्या ब्रुअरीत जॉन किमिक यांनी या शतकाच्या सुरुवातीला हेडी टॉपर ही बिअर केली. ती न गाळता, गढूळच विकली. 2011 साली ती डब्यात आली तेव्हा डब्यावरच सूचना होती की डब्यातूनच प्या. 2018 मध्ये अमेरिकेतल्या ब्रूअरांच्या संघटनेने या प्रकाराला आपल्या यादीत स्वतंत्र जागा दिली. पुण्यात डुलालीने महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी 2009 साली सुरू केली, त्यानंतर दहा-बारा वर्षांत ही बिअर इथल्याही फळ्यांवर दिसू लागली. पणजी समुद्रावर सहा महिने तगली. पणतीला शीतगृहात सहा आठवडे निभत नाहीत.

संध्याकाळी सहा

आण्णांचा फोन. गोदावरीकाठी चांगदेव महाराजांच्या समाधीला जाऊन आले की घरी पोचेपर्यंत चालता चालता बोलतात.

"भेटलं का रं क्रेट?"

"भेटलं आण्णा. मधला थर कामाला आला आज."

"वरचा जास्त झाला का?"

"नाही, तोही लागतो. पण आजच्या मालाचा वास मधल्यासारखा होता."

आण्णांच्या गळ्यात माळ आहे. मी काय करतो ते त्यांना माहीत आहे. घरात त्याची चर्चा होत नाही आणि माझ्या कामाला त्यांनी कधी वाईटही म्हटलं नाही. पण नाशवंत मालाबद्दल त्यांच्याशी बोलता येतं तसं ब्रुअरीत कोणाशी येत नाही. पिकलेला पेरू दोन-तीन दिवसांचा धनी. कुठला आज तोडायचा, कुठला झाडावर ठेवायचा, टेम्पो एक रात्र चुकला तर भाव किती पडेल, हे गणित ते रोज करतात. 1 जून 2017 ला राज्यातला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्याची ठिणगी आमच्या पुणतांब्यात पडली होती. दूध आणि भाजीपाला शहरात जाऊ द्यायचा नाही असं ठरलं, तेव्हा आपलाच माल दारात नासताना बघायची तयारी गावाने ठेवली होती. त्या दिवसांत आमच्या घरी जी शांतता होती तिच्यामुळे मला ताज्या मालाची किंमत कळली. टाकीवर तारीख लिहिताना हात हलका पडू देत नाही, त्यामागे हेही आहे.

"सोमवारी भरणार आहे," मी सांगितलं.

"मग घाई करू नको. पाडाला आल्याबिगर हात लावायचा नाही," आण्णा म्हणाले.

रात्री आठ

टॅपरूम भरली आहे. काउंटरमागच्या फळ्यावर प्रत्येक बिअरच्या नावापुढे पिंपात भरल्याची तारीख खडूने लिहायची, हा आग्रह माझा. सुरुवातीला विक्रीच्या माणसांनी नाखुषी दाखवली. तारखेमुळे जुना माल पडून राहील, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, तो पडूनच राहायला हवा. सहा आठवड्यांचं जे पिंप आज चाखलं, ते विक्रीतून काढलं आहे.

काउंटरवर एक तरुण जोडपं आलं. मुलाने हेझी आयपीए मागितली. ती संपल्याचं कळल्यावर त्याने विचारलं, "तसलीच गढूळ दुसरी कुठली आहे?" गव्हाची बिअर होती, परवाच भरलेली. तिच्यात पेरू नाही. केळं आणि लवंग आहे, आणि तो वास हॉप्समधून नाही, यीस्टमधून येतो. तसं सांगून ग्लास दिला. त्याने तो दिव्यापुढे धरला, मग नाकाशी नेला आणि मैत्रिणीपुढे सरकवून म्हणाला, "खरंच, केळं."

तुम्ही पुण्यात, मुंबईत, गोव्यात कुठेही हेझी आयपीए मागवाल तर ग्लास उजेडात धरण्याआधी ती भरली कधी ते विचारा. डब्यातली असेल तर तळाशी छापलेली तारीख बघा. तीन आठवड्यांच्या आतली आणि सतत थंड ठेवलेली असेल तर घ्या. ग्लास आला की आधी वास घ्या, बघणं नंतर. दोन महिन्यांपूर्वीची निघाली तर त्याच फळ्यावरची दुसरी बिअर मागवा, पैसे सत्कारणी लागतील. आणि तारीख सांगायला कोणी तयार नसेल तर तिथे हेझी आयपीए मागूच नका.

टाकी चार सोमवारी सकाळी पुन्हा चाखली जाईल. मामांच्या घशाने परवानगी दिली तर दुपारी पिंपं भरतील आणि संध्याकाळी फळ्यावर त्याच दिवसाची तारीख पडेल.